भागीदाराचा हात

पहिली काठी बलभीमच्या खांद्यावर बसली तेव्हा आमचा ड्रोन अजून गोदावरीच्या पात्रावर उडत होता.

बलभीम नदीकडे तोंड करून उभा होता. गळ्यात रिमोटचा पट्टा, दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर, नजर वर. मागून येणारी माणसं त्याला दिसली नाहीत, मला दिसली. मी थोड्या अंतरावर, पाण्यालगतच्या वाळूच्या उंचवट्यावर ट्रायपॉड रोवून मोजमाप घेत होते. मोटारसायकली दरडीवर टाकून चौघे पळतच खाली उतरले. मी ओरडेपर्यंत काठी बसलीसुद्धा. धोपाटण्याने ओली गोधडी बडवावी तसा आवाज आला.

मला वाटलं, तो रिमोट फेकून उलटा फिरेल. फिरला नाही. मान खांद्यात घालून जागचा हलला नाही आणि मागे न बघता म्हणाला, "थांब रे. उतरू दे त्याला."

"कुणाला?"

"ड्रोनला. पलीकडं बाया धुणं धुवायल्यात. पडला तर कुणाच्या तरी डोक्यात जाईल."

दुसरी काठी पाठीवर बसली, तिसरी कानशिलावर. कानातून रक्त आलं, ते मानेवरून सदऱ्यात उतरत गेलं. बलभीम गुडघ्यांत वाकला, पण अंगठे हलले नाहीत. ड्रोन पाण्यावरून वळला, आमच्या बाजूला आला आणि वाळूवर हळूच टेकला. मग त्याने पट्टा गळ्यातून काढला, रिमोट वाळूत नीट उताणा ठेवला आणि मागे फिरला.

आम्ही तिघे होतो. मी उज्ज्वला तिडके, सर्वेक्षण शिकलेली. बलभीम सोळंके माझ्याच वर्गातला, माजलगावकडचा. परभणीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमचं ऑफिस होतं, तिथे बसून सुट्या भागांतून ड्रोन तो स्वतः जुळवायचा. तिसरा कौस्तुभ देव, पुण्याचा, बोलायला गोड, सदऱ्याला कायम इस्त्री. खाणी, तलाव, वाळूचे घाट यांचे वरून फोटो काढायचे आणि कुठून किती उचललं गेलं ते मोजून सांगायचं, हा आमचा उद्योग. नुकता कुठे उभा राहत होता. पुण्याचे एक गृहस्थ भांडवल घालायला तयार झाले होते, पण त्यांची एक अट होती. मालक दोनच हवेत. तिघांच्या ओढाताणीत कंपन्या बुडताना त्यांनी पाहिल्या होत्या. कल्पना मूळची माझी, म्हणून ते मला म्हणाले होते, "तुमच्याबरोबर दुसरा कोण, ते तुम्हीच ठरवा."

ठरवण्यासारखं फार नव्हतं. बलभीमच्या हातात जादू होती, पण डोक्यात निखारा होता. सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्यावर त्याने स्टूल फेकलं होतं. एका ठेकेदाराने मला उद्देशून काहीतरी बोलल्यावर भर बैठकीत त्याची कॉलर धरली होती. प्रत्येक वेळी मागून जाऊन सारवासारव कौस्तुभने केली होती. घाटावरून परतताना चहाला थांबायचं आणि बलभीमला सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तू पगारावर राहा, चांगला पगार देऊ, तुझं काम तुझंच राहील. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

मारायला आलेल्यांच्या पुढे मुंजाजी होता. घाटाच्या ठेकेदाराचा मुकादम, रुंद खांद्यांचा, गळ्यात पांढरा रुमाल. सकाळी येऊन पाहून गेला होता. "काय उडवायलात?" त्याने विचारलं होतं. "मोजणी आहे, सरकारी," असं मी म्हटल्यावर "मोजा की," म्हणून हसला होता. कौस्तुभने त्याच्याशी हातही मिळवला होता. मधल्या वेळात त्याला वरून काय निरोप आला कोण जाणे. दुपारी तो काठ्या घेऊन आला.

बलभीमने समोरची काठी हवेतच धरली, माणसाला जवळ ओढलं आणि आपलं कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. तो माणूस तोंड धरून खाली बसला, बोटांच्या फटींतून रक्त गळायला लागलं. दुसऱ्याने मागून कमरेत लाथ घातली. बलभीम पालथा पडला, पडता पडता त्याचा पाय धरून त्यालाही खाली घेतलं. दोघे वाळूत लोळत पोकलेनने केलेल्या खड्ड्याच्या कडेपर्यंत गेले. तिसरा वरून काठ्या घालत होता, त्यातल्या काही आपल्याच माणसाला लागत होत्या.

मी ट्रायपॉड सोडून खाली पळाले. ड्रोन उचलायचा आणि गाडीत टाकायचा एवढंच डोक्यात होतं. सकाळपासूनचं सगळं काम त्याच्या पोटात होतं. मी पोहोचले आणि मुंजाजीही पोहोचला. त्याने ड्रोनवर पाय दिला, पंख काडकन मोडला.

"चिप काढ," तो म्हणाला.

"नाही काढणार."

त्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि उलट्या हाताने तोंडात मारली. ओठ फाटला. तोंड रक्ताने भरलं. मी ड्रोन छातीशी धरला तर त्याने वेणीला हिसडा देऊन मला पालथी पाडली आणि पाठीवर गुडघा दाबला. वाळू नाकात गेली, तोंडात गेली. श्वास घ्यायला जावं तर वाळूच आत येत होती.

मी कौस्तुभला हाक मारली. तो गाडीपाशीच होता. मान वळवून पाहिलं तर गाडीत बसला होता आणि काचा वर होत्या. त्याबद्दल मी त्याला तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. भीती कुणालाही वाटते. मलाही त्या क्षणी इतकी वाटत होती की चिप द्यायला मी तयार झाले होते. सांगायला तोंड मोकळं नव्हतं, एवढंच.

मग पाठीवरचं ओझं एकदम गेलं.

मी उताणी झाले, खोकत, थुंकत. बलभीमच्या हातात फावडं होतं. जमिनीवर चुन्याच्या खुणा करायला आम्ही ते बरोबर ठेवायचो. त्याने मुंजाजीच्या गुडघ्यावर ते आडवं हाणलं होतं. मुंजाजी एका पायावर उभा राहायला गेला आणि कोसळला. बाकीच्यांनी ते पाहिलं. नाक फुटलेला आधी पळाला, मग त्याच्या मागे दुसरे दोघे. दरड चढताना एक घसरला, उठला, पुन्हा चढला. मोटारसायकलींचा आवाज लांब गेला.

संपलं होतं. तिथेच संपायला हवं होतं.

बलभीमने मुंजाजीच्या बरगड्यांत फावडं घातलं. मग मांडीवर. मग ज्या हाताने माझी वेणी धरली होती त्या हातावर. मुंजाजी कोपरांवर सरपटत पाण्याकडे निघाला. बलभीम त्याच्या मागे चालत होता, पळत नव्हता. चालायचा, मारायचा, पुन्हा चालायचा. एक फटका डोक्याच्या मागे बसला. वाळूत मागे काळपट ओल राहत होती.

"पाया पडतो मालक," मुंजाजी म्हणाला. "लेकरंबाळं हायेत मला. सोडा."

बलभीमला राग आलेला मी कितीदा पाहिला होता. त्याच्या रागात आरडाओरडा असायचा, शिव्या असायच्या, थोड्या वेळाने पश्चात्तापही असायचा. आता त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याचं मला जास्त भय वाटलं.

"बलभीम! बस कर!" मी ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. कौस्तुभ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सदऱ्याची इस्त्री तशीच होती. मी म्हणाले, "धर त्याला. दोघं मिळून धरू."

"मध्ये पडू नकोस," कौस्तुभ म्हणाला. त्याचा आवाज स्थिर होता. "होऊ दे. या लोकांना हीच भाषा कळते. पुन्हा कुठल्या घाटावर कुणी आपल्या अंगावर येणार नाही."

"तो मरेल, कौस्तुभ!"

"तू नाही मारत आहेस. मीही नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले नाही, वेळ नव्हता. मुंजाजी पाण्याच्या कडेला पोहोचून उताणा झाला होता आणि चेहऱ्यावर हात धरून पडला होता. बलभीमने फावडं हातात फिरवलं, पात्याची धार खाली केली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेलं.

माझा ट्रायपॉड जुन्या पद्धतीचा होता, लाकडी, पायांना लोखंडी टोकं असलेला. एरवी तो उचलायला मला कुणाची तरी मदत लागायची. तो मी कसा उपटला, कशी धावले, आठवत नाही. आठवतो तो फटका. बलभीमच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून. आत ऊस मोडावा तसं काहीतरी मोडलं. फावडं त्याच्या हातातून सुटून पाण्यात पडलं.

तो वळला. डोळ्यांत ओळख नव्हती. डाव्या हाताची मूठ वळली, वर आली. हा आता मला मारणार, याबद्दल मला शंका नव्हती. मागे सरायला जागा होती, पण मी ट्रायपॉड पुन्हा उचलला.

"दुसराही मोडीन," मी म्हणाले. फाटक्या ओठातून शब्द धड फुटले नाहीत, पण त्याला कळले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मुंजाजीकडे. मग आपल्या लोंबणाऱ्या हाताकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. तो वाळूत मटकन बसला.

"जिवंत आहे का गं तो?" त्याने विचारलं.

मुंजाजी जिवंत होता. कण्हत होता, डोक्याच्या मागून रक्त येत होतं. मी माझी ओढणी फाडली आणि त्याचं डोकं बांधलं. फोनला रेंज नव्हती.

"गाडीत घालू त्याला," मी म्हणाले.

"वेडी आहेस का?" कौस्तुभ म्हणाला. "त्याची माणसं येतील परत. आपण इथून निघायचं. तो आपल्या गाडीत मेला तर?"

"तर आपल्या गाडीत मेला." मी हात पुढे केला. "चावी दे."

त्याने चावी दिली. बलभीमने न सांगता मुंजाजीच्या खांद्याखाली डावा हात घातला. उजवा पोटाशी धरून, दात आवळून त्याने आपल्या बाजूचा भार उचलला. पाय मी धरले. ज्याला तो आत्ता ठार मारणार होता, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बलभीम मागच्या सीटवर बसला आणि डाव्या तळव्याने जखम दाबून राहिला.

गाडी मी चालवली. रस्ता म्हणजे वाळूच्या हायवा ट्रकांनी पाडलेले खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मागून दोन माणसांचं कण्हणं यायचं. एकदा मुंजाजीने पाणी मागितलं. बलभीमने बाटलीचं बूच दाताने काढलं आणि त्याच्या ओठांवर थोडं थोडं ओतलं. "झोपू नको," तो त्याला सांगत होता. "लेकरांची नावं काय? नावं सांग मला." मुंजाजी अडखळत नावं सांगत होता आणि बलभीम एकेक पुन्हा म्हणत होता.

कौस्तुभ माझ्या शेजारी बसला होता. थोडं अंतर गेल्यावर तो बोलायला लागला, हळू, समजुतीच्या सुरात.

"हे बघ उज्ज्वला. भागीदारीच्या कागदावर अजून बलभीमची सही नाही. कायद्याने तो आपला पगारी माणूस. त्याने जे केलं ते त्याने स्वतःच्या डोक्याने केलं, आपण त्याला थांबवत होतो. तू तर त्याचा हात मोडलास, याहून मोठा पुरावा काय? कंपनीवर काही येणार नाही. पुण्याचं भांडवलही येईल." मग आरशात मागे पाहून म्हणाला, "बलभीम, तूही समजून घे. आम्ही वकील देऊ तुला. चांगला देऊ."

बलभीम मागे मुंजाजीला विचारत होता, "आणि धाकटीचं?"

कौस्तुभचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मुख्य म्हणजे, ते माझंच होतं. चहाच्या टपरीवर सांगायला जुळवलेली वाक्यंच तो बोलत होता, फक्त माझ्याआधी. ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मी गाडीचा वेग वाढवला.

तालुक्याच्या दवाखान्यात मुंजाजीला आत नेलं. माझ्या ओठाला टाके पडले. बलभीमचा हात फळीला बांधला. पोलीस चौकीतून जमादार आले, वयस्कर, थकलेले, आणि बाकड्यावर बसून विचारायला लागले. कौस्तुभने सुरुवात केली, पण जमादारांनी त्याला हाताने थांबवलं.

"ज्याच्या अंगावर रक्त आहे, त्याला बोलू द्या."

बलभीम उभा राहिला. "त्यांनी आधी मारलं साहेब. जीव वाचवायला मीपण मारलं. ते पळून गेले, हा पडला, तिथवर ठीक होतं. त्यानंतर जे मारलं, त्याची गरज नव्हती. तो हात जोडायला होता. तरी मारलं."

"अरे, जरा विचार करून बोल," जमादार म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना त्याची दया आली असावी. त्यांनी त्याच्या फळीकडे बोट दाखवलं. "हात मोडलाय तुझा. झटापटीत मोडला, त्यांच्या काठीने, असंच ना? तसं असेल तर गोष्ट वेगळी होते."

"नाही. हात हिनं मोडला."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं, सुजलेलं तोंड, टाके, रक्ताने कडक झालेला कुडता. "या कोण?"

"या आमच्या कंपनीच्या..." कौस्तुभ पुढे झाला, "आम्ही दोघे कंपनीचे मालक. हा आमच्याकडे..."

"मी बलभीमची भागीदार," मी म्हणाले.

ओठ दुखत होता म्हणून त्यापुढे मला काही बोलता आलं नाही. बोलायचंही नव्हतं.

कौस्तुभ त्याच संध्याकाळी बसने गेला. आरडाओरडा काही केला नाही. माझ्या अंगावर पांघरायला आपलं जाकीट देऊन गेला. पुढे त्याने पुण्यात दुसरी कंपनी काढली आणि ती चांगली चालली. भांडवल घालणारे गृहस्थ अर्थातच मागे सरले. मुंजाजी जगला, पण एक पाय कायमचा ओढत चालायला लागला. खटला दोन्ही बाजूंनी उभा राहिला, वर्षानुवर्षं रेंगाळला, आणि शेवटी बलभीम काही महिने आत राहून आला. त्या काळात कंपनी मी एकटीने ओढली. दर भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या जाळीपलीकडून तो मला मोटर का तापते आणि बॅटरी कुठे फसवते ते सांगायचा. आज आमच्याकडे बरीच माणसं आहेत. नव्यांना आमची भांडणं ऐकून धडकी भरते. तो हवेतलं ठरवतो, मी जमिनीवरचं. एकाने "बस" म्हटलं की दुसऱ्याने थांबायचं आणि मग हवं तेवढं भांडायचं, हा नियम आम्ही अजून मोडलेला नाही.

पण भागीदारी ठरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या दवाखान्यात. बलभीमच्या पलंगाशेजारी शिपाई बसला होता. नुकतंच घातलेलं प्लास्टर ओलं होतं. मी चहा घेऊन गेले. तो डाव्या हाताने बशी धरून पीत होता आणि चहा सांडत होता.

"राग आला असेल," मी म्हणाले.

त्याने नकारार्थी मान हलवली. मग खिडकीकडे बघत बोलला.

"माझ्या बापानं माणूस मारला. तुला माहीत नाही. कॉलेजात कुणालाच सांगितलं नाही. बांधावरून भांडण झालं. तो माणूस पडला होता, उठायला येत नव्हतं त्याला, तरी बाप मारत राहिला. मी लहान होतो, तिथंच बांधाच्या धुऱ्यावर उभा होतो. भोवती आमची भावकी होती सगळी, चुलते, चुलतभाऊ. बापाच्या बाजूची माणसं. एकानं हात धरला नाही. 'मार, मार' म्हणत होते. बाप आत गेला, तेव्हा त्यातलं कुणी आलं नाही भेटायला."

शिपाई दुसरीकडे बघायला लागला.

"बापासारखा हात आहे माझा," तो म्हणाला. "लहानपणापासून माहीत आहे मला. कधी ना कधी होणार, हेपण माहीत होतं. फक्त तेव्हा शेजारी कोण असेल, एवढंच बघायचं होतं."

"मी हात धरला नाही, बलभीम. मोडला."

"चालतंय."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. त्याने बशी खाली ठेवली.

"काल तू जमादाराला जे सांगितलंस, ते परत घेता येतं अजून," तो म्हणाला. "मी धरून बसणार नाही. खरं सांग तिडके. तुला माझी भीती नाही वाटत?"

"वाटते."

"मलापण वाटते." त्याने प्लास्टरमधला हात उचलून उशीवर ठेवला. "एकट्यानं लक्ष ठेवून ठेवून दमलो होतो गं. आता दोघं झालो."